पूर्तता

फाइल तिसऱ्यांदा परत आली तेव्हा
तिच्या कपाळावर लाल शाईत तेच:
त्रुटी क्रमांक चार. डाव्या अंगठ्याचा ठसा अस्पष्ट.

साहेब, मुंजाजी रणेरचा डावा हात
दिवाळीपासून हलत नाही.
घाटीच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेला
उजवा बेडीनं बांधलाय सरकारनं
आणि डावा त्याचा त्यानंच.
मी शाईचं पॅड घेऊन गेले होते.
अंगठा उचलून कागदावर टेकवला,
तर नुसता ओला डाग.
चौदा वर्षं हातमागावर
सरकारी सतरंज्या विणून रेघा झिजलेल्या.
तो म्हणाला, "मपल्या आधी
मपला अंगठाच सुटला वाटतं, बाई."

मी हर्सूल जेलात न्यायविभागाची कारकून.
माझ्या टेबलावर दयेचा अर्ज तीन प्रतींत येतो:
एक आमची, एक वरची,
एक उंदरांची.

रकाना सातवा: मयताच्या वारसांचे म्हणणे.
मयत म्हणजे संतुका.
बांधावरची बाभूळ कुणाची,
एवढ्यावरून गेलेला.
वारस म्हणजे प्रयागबाई, सोनपेठच्या अलीकडं,
गोदेच्या अंगाला एकटीच राहते.
पोलीस पाटील गेला तेव्हा ती शेंगा फोडत होती.
फोडतच राहिली.
"माफीबिफी लिहू नका. म्या माफी केल्याली नाही.
पण मसणवाटा काय मपल्या एकटीचा हाय व्हय?
येऊ द्या त्याला."

हे स्टॅम्पपेपरवर हवं होतं.
पाटलानं रेशनच्या पावतीमागं उतरून घेतलं,
खाली तिचा अंगठा,
रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.
मी पावती डिंकानं चिकटवली, फक्त वरच्या कडेला,
म्हणजे उलटता येईल.

नियम असा की अर्ज दिल्यावर तीस दिवस थांबायचं.
डॉक्टरांनी लिहिलं होतं: दहा, फार तर बारा.
दोन्ही आकडे एकाच टाचणीत.

लोखंडेबाई वकील फी न घेता खंडपीठात उभ्या राहिल्या.
न्यायमूर्तींनी पावती उलटली म्हणे.
गहू नऊ किलो, तांदूळ सहा, असं मोठ्यानं वाचलं.
चष्मा काढला, पुन्हा घातला.
मग लिहिलं:
प्रक्रियेची पूर्तता मागाहून करता येईल.
कैद्यास आज सोडावे.

आज.
बावीस वर्षांत मी यथावकाश टंकलं, नियमोचित टंकलं,
उचित कार्यवाहीस्तव टंकलं.
हा दोन अक्षरांचा शब्द टंकताना
बोटं चुकली. खोडून पुन्हा.

बेडीची किल्ली शिपायाकडं,
शिपाई चहाला.
वीस मिनिटं मी आदेश हातात धरून
खाटेशी उभी.
"नदीला पाणी हाय का?" त्यानं विचारलं.
मला माहीत नव्हतं.
जायकवाडीतून सोडलंय, म्हणाले.

रजिस्टरात सुटकेच्या कारणांचे पाच रकाने छापलेत:
शिक्षा पूर्ण, जामीन, बदली, पलायन, मृत्यू.
मी सहावा हातानं आखला.
पट्टी सापडली नाही,
तिरका आलाय.

नऊ दिवस जगला.
पाटलाचा फोन आला: लाकडं कमी पडली होती,
प्रयागबाईनं बाभळीचं खोड दिलं.
मी विचारलं, तीच बाभूळ?
फोन तुटला.
तिकडं रेंज नसते.
मी पुन्हा लावला नाही.

काल मुख्यालयाचं पत्र:
त्रुटी क्रमांक चार अद्याप प्रलंबित.
सदर कैद्याच्या अंगठ्याचा स्पष्ट ठसा
परतटपाली सादर करावा.

ट्रेमध्ये ठेवलंय, वर पेपरवेट.
तीस दिवसांची मुदत आहे.
आज पहिला.